शेवरी

वहीत त्याची नोंद : नमुना सतरा.
स्रोत ताक. गाव सावदा.
गाडग्याचा उल्लेख नाही,
गाडग्यावर रात्री जुनं लुगडं टाकणाऱ्या
द्वारकाबाई फिरकेचाही नाही.
मी सांगितलं तेव्हा आई चुलीकडे बघत म्हणाली,
"काय व माय, आपलं विरजन उंदरायले?"

उंदरांची आतडी आधी आम्हीच बिघडवतो.
पाण्यात पावडर, सात दिवस.
मग लेंडीत रक्त.
हातमोज्यांत माझे हात स्थिर असतात.
घरी योगराज संडासातून येतो
तेव्हा आत एक बादली जास्त ओतल्याचा आवाज येतो.
मी विचारत नाही.
वॅगनमध्ये घड चढवायचा हा पोरगा,
दिवाळीपासून पाऊण घडानं हलका झालाय.

नुसता सतरा नंबर पाजला तर तो वाटेतच मरतो.
आत वैशाख पेटलेला,
पेशींनीच ओतलेलं पेरॉक्साइड.
म्हणून सिरियमचे कण,
केसाच्या जाडीत पंधरा हजार मावतील असे.
जातीनं खनिज, कामानं विकर.
जगत नाहीत, मरत नाहीत,
जाळणाऱ्याचं पाणी करत राहतात.
ते आम्ही जिवाणूच्या अंगाला चिकटवले.

अत्तरदे सरांनी फळ्यावर गोल काढला,
गोलाभोवती ठिपके.
मला दिसली मामाच्या केळीच्या कडेची शेवरी.
मे महिन्याच्या झळा अंगावर घेत उभी,
आड तिच्या चार पानांचं रोप.
शेवरीचा भाव कुणी विचारत नाही.
बाग निसवली
की तिच्यावर बकऱ्या सोडतात.

अकराव्या दिवशी नऊ नंबरची लेंडी घट्ट आली.
सरांनी स्वतःच्या पैशानं कचोऱ्या मागवल्या.
बाराव्या दिवशी नऊ नंबर काचपट्टीवर होता,
जांभळा, पातळ,
आतड्याची भिंत भरून येत असलेला.

"मग आण ना एक कुपी," योगराज म्हणाला,
"फ्रीजमधल्या कोण मोजतं?"
मीच मोजते.
मी त्याला यकृताचं सांगितलं,
वर्षभरानं हे कण कुठे साचतात
ते अजून कुणाला नीट माहीत नाही, हेही.
"माणसाले कधी?"
"अजून ससे व्हायचेत."
"म्हणजे मी सशामांगे."
तो हसला. पोट धरून हसला,
आणि मग नुसतंच पोट धरून बसला.

डॉक्टरांच्या गोळ्यांची पट्टी मी त्याच्यापुढे ठेवली.
आईनं दुधात करंगळी बुडवली,
"झालं कोमट."
माझ्या यंत्रावर याला सदतीस म्हणतात.
चमचाभर विरजण टाकून तिनं लुगडं पांघरलं.
सकाळी त्याच्या पेल्यात ताक असेल,
जिरं घातलेलं.
एवढे कोटी सतरा नंबर,
एकाच्याही कडेला शेवरी नाही.
मी सव्वासातची एसटी पकडते.
डब्यात कळण्याची भाकरी,
पिशवीत सशांच्या परवानगीचा अर्ज,
एक सही बाकी.