उतार

ऑर्डर आली मार्चमध्ये. हॅलिफॅक्सचे मिस्टर ऑर्मरॉड,
निवृत्त दंतवैद्य, अक्षर बारीक आणि सरळ,
सोबत आलेखाच्या कागदावर पेन्सिलीचा नकाशा:
टेबल सहा फूट बाय चार. उत्तरेला राजाचे लोक,
दक्षिणेला पार्लमेंटचे. एक टेकडी. एक गिरणी, निम्मी जळालेली.
दगडी बांध गुडघ्याएवढे,
म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटरच्या माणसाच्या गुडघ्याएवढे.
आणि मधून नदी,
‘कुठूनही ओलांडता येईल अशी,
नाहीतर डाव रेंगाळतो.’

निम्मे पैसे आगाऊ घेतले.
नदीबद्दल काही बोलले नाही.

टेकडी दोन दिवसांत उभी राहिली.
गुलाबी फोम तापल्या तारेखाली लोण्यासारखा कापला जातो.
माती म्हणजे वाळवलेला कॉफीचा चोथा.
गवताला विजेचा हलका झटका द्यायचा,
अंगावर काटा यावा तसं ते उभं राहतं
आणि मग तसंच राहतं, जन्मभर दचकलेलं.

गिरणी आधी अख्खी बांधावी लागली.
छप्पर, तुळया, जिन्याच्या अकरा पायऱ्या,
पिठाची पोती कुठे रचत असतील, मांजर कुठे झोपत असेल.
मग मेणबत्ती घेऊन बसले.
‘आत्या, पहिल्यापासून मोडकीच का नाही करत?’
ब्रायोनीनं विचारलं.
मी म्हटलं, मग ती खोटी मोडते.

नदी शेवटी.
दोन बाटल्या, मापून सारख्या,
हलक्या हातानं ढवळायचं, नाहीतर बुडबुडे.
तीन मिलिमीटरचा थर. चोवीस तास. पुन्हा थर.
पाणी वाळत घालायचा धंदा आहे माझा.

या गॅरेजच्या भिंतीवर, माझ्या खांद्याशी,
एक तपकिरी रेघ आहे. रंगवलेली नाही.
नाताळच्या दुसऱ्या दिवशी काल्डर आत आली होती,
दार न वाजवता.
रंगाचे डबे गल्लीतून तरंगत गेले;
शेजारचे ग्रिमशॉ अजून सांगतात,
तुझा निळा आमच्या गुलाबांखाली निघतो.
ती कुठूनही ओलांडता येत नव्हती.

तेव्हा मी तळ खोल कोरला, काठ उभे तासले
आणि एकच उतार ठेवला, गिरणीच्या खालच्या अंगाला,
गोटे दिसतील इतका उथळ,
त्यात बैलगाडीच्या चाकोऱ्या.

फोटो पाहून फोन आला.
‘मिस सटक्लिफ, हे ठरलं नव्हतं.’
‘नव्हतं.’
‘माझे घोडेस्वार उत्तरेला अडकतील.’
‘अडकतील.’
‘पाणी किती?’
‘वीस मिलिमीटर. उभ्या माणसाच्या छातीच्या वर.’

बराच वेळ आवाज नाही.
दात काढायचा की ठेवायचा हे ठरवताना
असेच गप्प राहत असतील.
मी मनातल्या मनात उरलेल्या पैशांवर पाणी सोडलं.
मग म्हणाले, ‘साउर्बी ब्रिजला दवाखाना होता माझा.
काठावरच. खुर्चीला डोकं टेकायची उशी असते ना,
तिथपर्यंत आलं होतं.’
आणि लगेच, जणू दुसऱ्याच कुणाशी बोलत असल्यासारखे,
‘बाकीची रक्कम शुक्रवारी पाठवतो.’

मे महिन्यात बोलावलं, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये.
चहा पातळ, बिस्किटं बरी.
राजाचे बारा घोडे उताराशी कोंडले,
समोर पार्लमेंटच्या बाजूनं एल्सपेथ नावाची सोळा वर्षांची मुलगी,
हातात फासे, डोळ्यांत दयेचा लवलेश नाही.
डाव रेंगाळला. रात्री अकरापर्यंत रेंगाळला.
ऑर्मरॉड हरले, आणि काठावर वाकून
रेझिनवर बोट ठेवून पाहिलं,
ओलं होतं का ते.

निरोप घेताना म्हणाले,
‘पुढच्या वेळी वाळवंट हवं. सगळं कोरडं.’
मी वही काढली.
कोरडं तरी त्यात एक पात्र लागेल, म्हटलं,
पाऊस कधीतरी येऊन गेल्याची खूण.
त्याचे वेगळे पैसे.