सहा पेडी

ओस्नात आली तेव्हा साखर पेठेत लाइट गेलेली.
आंबवणाची बरणी छातीशी धरून
ती रिक्षातून उतरली, बाळंतीण उतरते तशी.
विमानतळावर म्हणे दोनदा झाकण उघडायला लावलं,
हुंगलं, आणि जाऊ दिलं.
"एकोणीस वर्षांचं आहे हे," प्रज्योतनं मराठीत सांगितलं,
"रोज थोडं पीठ खातं."
"माझ्या थोरल्याच्या वयाचं," मी म्हटलं,
"तोही तेवढंच करतो."
ती हसली, भाषांतराच्या आधीच.

आमच्या बचत गटाचा पत्र्याचा हॉल.
भिंतीशी कडक भाकरीच्या चवडी, उद्या पुण्याला जायच्या.
तिनं एक उचलली, कानाशी नेऊन टिचकी मारली,
माठ घेताना मारतात तशी.
तुकडा जिभेवर ठेवून बराच वेळ गप्प.
मग विचारलं, या पिठाला चिकटपणा नाही,
तर ते एकमेकाला धरून कसं राहतं?
"कढत पाणी," मी म्हटलं, "आणि तळहाताची टाच."
याहून जास्त मलाही माहीत नाही.

शेंगाचटणीनं ठसका लागला. पाणी प्यायली,
पुन्हा चिमूट घेतली.
तिच्या हिरव्या भुकटीत ओव्याचा कुणी लांबचा पाहुणा होता.
तिळाचं पांढरं वाटण चाटून अंबादास गाजूल म्हणाले,
"तीळ हाय, गूळ न्हाई. अर्धीच संक्रांत."
हे काही प्रज्योतला पलीकडे नेता येईना.

ती म्हणाली, आमच्यातही न फुगलेली भाकर असते,
वर्षातून सात दिवस.
पूर्वज रातोरात निघाले, पीठ आंबायला वेळ नव्हता.
मला माझा चुलता आठवला,
पन्नास भाकरींचं गाठोडं घेऊन भिवंडीला गेलेला.
भाकरी दोन महिने पुरल्या असं त्यानं कळवलं होतं.
नंतर काही कळवलं नाही.

मग तिनं पिठाचे सहा पेड पाटावर मांडले.
अंबादासमामा बत्तीस वर्षं गिरणीत मागावर.
चष्मा कपाळावरून खाली ओढून म्हणाले, "थांबा."
दोनावरून, एकाखालून, दोनावरून.
दुसरे सहा त्यांनी स्वतःकडे ओढले.
ती तिच्या भाषेत मोजत होती, अहात, श्तायीम, शालोश,
हे तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू,
आणि मेणबत्तीत चार हात चालले होते.

मधेच तिचा फोन किंचाळला.
तिनं पाहिलं, पालथा ठेवला.
अश्कलोन. भोंगा झाला. घरचे आता जिन्याखाली असतील.
पेड तसेच धरून मामा म्हणाले,
"आमचा भोंगा कामावर बोलवायचा.
बंद पडला, तरी वर्षभर मी सहाला उठून बसायचो."
तिनं मान हलवली. मग, कुणी विचारलं नसताना:
"नबील पलीकडून यायचा, गाझातून.
पहाटे तीनला, मळायला.
त्याची वीण माझ्यापेक्षा घट्ट.
दोन वर्षं झाली, फोन लागत नाही."
प्रज्योतनं हे फार हळू सांगितलं.
कुणी "हं" सुद्धा म्हटलं नाही.
तुटला वाटलेला पेड मामांनी ओल्या बोटानं सांधला.

आमच्याकडे ओव्हन कुठला?
दोन्ही पाव परातीत घालून, वर माझा पदर धरून
गल्लीच्या टोकाला नईमभाईंच्या भट्टीवर नेले.
खारीचा घाणा त्यांनी बाजूला सारला.
साडेदहाला पाव बाहेर आले.
एक जरा तिरका, खालून करपलेला.
"तो माझा," मामा म्हणाले, आधी तोच तोडला.
उरलेल्या चटणीशी उभ्यानंच खाल्लं.
घामानं ओलं कपाळ मनगटानं पुसत
नईमभाई म्हणाले, "मीठ कमी है."
खरंच कमी होतं.

जाताना तिनं निम्मं आंबवण
माझ्या लोणच्याच्या बरणीत ओतलं.
मी त्याला ज्वारी घालते, मालदांडी.
आधी रुसलं, आता वास बदललाय त्याचा.
काल रात्री झाकण उडालं.
थोरला दचकून उठला, "काय झालं?"
"काही नाही, झोप," मी म्हटलं,
"भूक लागलीय त्याला."