तिसऱ्या गाण्यातला भोंगा

किटवेमध्ये, चिशालाच्या टायरच्या दुकानामागे
दर शनिवारी आम्ही जमतो.
टर्नटेबल काबासोचं, वीज शेजारच्या सलूनची,
भांडणं ज्याची त्याची.

आज हॅम्बुर्गहून पार्सल आलं:
‘द नाइन लॅम्प्स’ची चौऱ्याहत्तरची रेकॉर्ड, नव्यानं काढलेली.
जाडजूड, काळीभोर, हातात धरली की ताटासारखी.
सोबत बारा पानांची पुस्तिका,
तिच्यात बेसवाल्याचं नाव चुकलेलं
आणि ड्रमर म्हणून भलत्याच कुणा पाद्र्याचा फोटो.
(नऊ दिवे कसले, चौघंच होते ते.
पाचव्याकडे व्हॅन होती, म्हणून त्यालाही कव्हरवर घेतलं.)

काबासो हात धुऊन, पुसून, सुई टेकवतो.
पहिलं गाणं. लुबिंडा म्हणतो, बेस आता पोटात लागतो बघ.
दुसरं. मुतिंता म्हणते,
न्हाऊ घातलेल्या पोरासारखं वाटतंय,
पोर आपलंच, पण वास गेला.
तिसरं.
गिटार चढत जाते, चढत जाते,
आणि जिथं भोंगा वाजायचा
तिथं
नुसतं चकचकीत काहीच नाही.

जुन्या प्रतीत खाणीचा भोंगा आहे.
गाद्या ठोकलेल्या खोलीत रेकॉर्डिंग,
खिडकी लागत नव्हती, तो आत आला.
आणि त्याच्यानंतर ड्रम बंद.
एकोणीस सेकंद गाणं नुसतं
गिटारच्या बोटाला धरून चालतं, आणि संपतं.

या एकोणीस सेकंदांवर आमची उभी हयात गेली.
लुबिंडा म्हणायचा, हा निषेध आहे, कंपनीच्या तोंडावर.
मुतिंता म्हणायची, मेलेल्यांसाठी शांतता.
काबासो म्हणायचा, टेपला पैसे नव्हते, दुसरं काय.
मी म्हणायचो, भोंगा सुरात आहे, कान असतील तर ऐका.
एकदा यावरून दोन खुर्च्या मोडल्या,
एक लग्न मोडता मोडता राहिलं.

आता कुणा इंजिनिअरनं, मन लावून,
तांदळातले खडे वेचावेत तसा
तो भोंगा वेचून टाकला आहे.

मग मुतिंता फोन काढते.
तिचा मुलगा हेलसिंकीला बस चालवतो, त्यानं पाठवलंय:
तिथल्या चार पोरांनी हेच गाणं वाजवलंय.
बेम्बा शब्द गरम रताळ्यासारखे
या गालातून त्या गालात फिरवतात बिचारी.
आम्ही हसतो.
गिटार चढते.
आणि त्या जागी त्यांची एक पोरगी, व्हायोलिनवर,
आमच्या खाणीचा भोंगा वाजवते.
पूर्ण. शेवटी जरा घसरायचा, तो घसरतो तसाच.
कुठल्या तरी खरखरणाऱ्या प्रतीवरून ती शिकली असणार,
तिला वाटलं असणार, चाल अशीच आहे.

हसायचं राहून गेलं.
लुबिंडानं चष्मा पुसला, दोनदा.

मागे टायरांच्या चळतीवर म्हातारा न्गांद्वे बसला होता.
लॅम्प्सचा ड्रमर. खरा.
इतकी वर्षं विचारून थकलो,
त्यानं कधी एक शब्द सांगितला नाही,
गालात शेंगदाणे धरून बसायचा.
आज म्हणाला, परत लाव.
परत लावलं.
भोंगा झाला, तिकडच्याही ड्रमरनं काठ्या थांबवल्या,
एकोणीस सेकंद, एकही कमी नाही.

न्गांद्वे म्हणाला,
माझी दोनची पाळी असायची.
भोंगा झाल्यावर पाच मिनिटांत गेटवर नसलं
तर अर्धा दिवस कापायचे.
काठ्या टाकल्या नि पळालो.

कुणीच काही बोललं नाही.
सलूनमधला पंखा तेवढा ऐकू येत होता.
पुढे एक ट्रक येऊन थांबला, चिशाला जॅक घेऊन गेला.

न्गांद्वेनं फोन कानाशी धरला, उलटा,
मग सुलटा.
म्हणाला, हा पोरगाही पळाला वाटतं.
कुठल्या खाणीत आहे?