भिंतीबाहेरचं मत

बोबो-दिउलासोत शनिवारी शेवटचा खेळ सुटतो,
तेव्हा सिनेमा काही सुटत नाही आमचा.
लाल धुळीबरोबर चपलांना चिकटून तो फाटकाबाहेर येतो
आणि आंब्याखाली, लसिनाच्या शेगडीभोवती
पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

पहिला पेला कडू. चहाही, लसिनाही.
"दोन तास तो माणूस वाळूतून चालतो
आणि शेवटी काय, तर विहीर कोरडी!
हे तर पोस्टरवरच दिसत होतं."
लसिना दिवसभर पंक्चरं काढतो.
छिद्र शोधायची सवय रात्रीही जात नाही.

"पाणीच हवं होतं तर नळावर जायचंस,"
कोरोतिमी म्हणाली.
"मला ती म्हातारी आवडली,
प्रत्येक दारात शिरण्याआधी खोकणारी.
माझी मावशी अश्शीच खोकायची.
माझे तिकिटाचे पैसे त्या खोकल्यातच वसूल झाले."

येझुमा मास्तर शाळेसारखेच गुण देतात, वीसपैकी.
"अकरा. पखाली तीन, दिवस नऊ,
उंटाने काय प्यायलं ते दाखवलेलंच नाही."

मी मध्ये बराच वेळ पेंगलो होतो,
म्हणून सगळ्यात ठासून बोललो.
म्हणालो, शेवट खरा आहे.
तो परततो, बायको उंबऱ्यात उभी असते,
म्हणते, मी तुझी वाट पाहिली.
एवढंच. बाकी सगळी वाळू.

"ती खोटं बोलते,"
अंधारातून कोणीतरी म्हणालं.

सिबिरी. मोपेडी राखणारा.
सार्डिनच्या डब्याचे पत्रे कापून केलेले बिल्ले
आमच्या हातातून परत घेत होता तो.
नऊ वर्षं भिंतीच्या या बाजूला, मोडक्या स्टुलावर.
आत एकदाही नाही,
कारण तो आत गेला तर बाहेर मोपेडी राहणार नाहीत.
भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतीला सिबिरीचे होते.

"तिच्या हातात कडी आहेत ना, पितळेची?
सगळा वेळ वाजतात. कांडताना, झाडताना,
झोपेत कूस बदलतानासुद्धा.
फक्त 'वाट पाहिली' म्हणायच्या आधी गप्प होतात.
दुसऱ्या हाताने धरून ठेवते ती.
खरं बोलणाऱ्याला कडी कशाला धरावी लागतात?"

कोणी बोललं नाही.
आम्ही सगळे तिच्या डोळ्यांकडे बघत होतो.
किटली उतू गेली, निखारे चरचरले.
दुसरा पेला कसा होता
आठवत नाही.

रविवारी आम्ही वर्गणी काढून
सिबिरीला तिकीट घेऊन दिलं.
नको नको म्हणत गेला,
फाटकाशी दोनदा वळून मोपेडी मोजल्या.
राखणीला मी बसलो, पेंगण्याचं प्रायश्चित्त म्हणून.

स्टूल तीन पायांचं, चौथी वीट.
वर तारे, धुळीने मळलेले,
मागे भिंत, दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट.
तिला पाठ टेकली आणि ऐकलं:
पाण्याची पखाल रिकामी होताना,
म्हातारीचा खोकला एका दारातून दुसऱ्या दारात,
आणि कडी. किणकिण, किणकिण,
घरभर फिरणारी.
मग एक जागा आली,
जिथे एक श्वास मावेल, जास्त नाही.
तिथे काहीच वाजलं नाही.
"मी तुझी वाट पाहिली."

माझ्या अंगावर काटा आला,
आणि तेवढ्यात एका पोराने
बिल्ला नंबर सतरा दाखवून मोपेड मागितली.

खेळ सुटला. सिबिरी सगळ्यात शेवटी बाहेर आला,
जत्रेत हरवलेल्या पोरासारखा डोळे चोळत.
आम्ही त्याला घेरलं. मग? धरली कडी?

त्याने आधी मोपेडी मोजल्या.
मग बराच वेळ स्टुलाची वीट सारखी करत राहिला.

"इतकी तरुण असेल असं वाटलं नव्हतं मला,"
तो म्हणाला.
"बोलू दे तिला खोटं."

लसिनाने तिसरा पेला, सगळ्यात गोड,
आधी त्याच्या हातात दिला.
मास्तरांनी वही काढली,
अकरा खोडून
साडेअकरा केले.