बुधगावचं तिकीट

मार्केट यार्डात, हळदीच्या गाळ्यांमागं माझं दुकान.
काटे दुरुस्त करतो. बत्तीस वर्षं.
आता दुकान इंटरनेटवरही आहे, त्रिशलानं केलंय,
आणि तिथं एक माणूस उभा असतो, कमरेपर्यंतचा,
माझ्यासारखाच टकला, चष्मा माझाच,
फक्त खिशाला हळदीचा डाग नाही.
कुणी आलं की तो पापण्या मिटतो, हात जोडतो, म्हणतो,
"नमस्कार, मी बाबगोंडा मगदूम."

एका दमात.

मला हे वाक्य अजून जमलेलं नाही.
ब ओठांशी येतो आणि आतनं कडी लावून बसतो.
शाळेत हजेरीला नुसता हात वर करायचो.
बटाट्याला आलू म्हणतो, बशीला ताटली,
भाजीवालीला वाटतं, हा मिलिटरीत होता.
बहीण दिली होती बुधगावला.
एसटीत कंडक्टर पंच टकटकवत उभा,
मागं माणसं, माझं तोंड उघडं,
म्हणून सांगायचो, "कवलापूर".
एका टप्प्याचे पैसे जास्त देऊन पुढं उतरायचो
आणि उसाच्या कडेकडेनं मागं चालत यायचो.
बहीण विचारायची, एवढा घाम कशाचा रे?
ऊन आहे, म्हणायचो. थंडीतसुद्धा.

परवा पलूसचा एक बेदाणेवाला आला, मोबाईल पुढं धरून,
"ह्यांना बोलवा की जरा."
मी खुणेनं बसवलं. काटा उघडला.
आत मुंग्यांनी घर केलेलं,
शंभर किलोला दीडशे ग्रॅम खात होत्या.
जाताना पैसे मोजत म्हणाला,
"मालकांना सांगा, बोलणं लई गोड आहे त्यांचं."
मान हलवली. सांगतो.

रात्री शटर अर्धं ओढून मी त्याला शब्द देतो.
बुधगाव, टाइप करतो. बुधगाव, म्हणतो तो.
बाजरी. बाभूळ. बिनपाण्याची बादली.
काही अडत नाही त्याचं.
इतक्या वर्षांत गिळलेलं सगळं
त्याच्या तोंडून वसूल करतो, एकटाच हसतो.

मग एकदा टाइप केलं, ब्राह्मिला.

आमच्यात बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती.
अगं आणि ऐकलंस का, एवढ्यावर संसार व्हायचे.
माझं त्यात झाकून गेलं. कुणाला कळलं नाही.
तिला कळलं होतं, पहिल्याच दिवशी.
पंगतीत नाव घ्या, नाव घ्या म्हणून पोरी ओरडत होत्या,
माझ्या कानशिलावर शीर उडत होती,
तर तिनंच अख्खी जिलबी माझ्या तोंडात कोंबली.
नवरी धीट आहे हो, म्हणाले सगळे.

"ब्राह्मिला," तो म्हणाला.
स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात, तसं.
पापण्या मिटल्या, उघडल्या,
आणि पुढच्या शब्दासाठी माझ्याकडं बघत राहिला.
मी शब्द खोडला. मशीन मात्र सकाळपर्यंत चालूच राहिलं.

काट्यावर माल ठेवला की आकडा आधी थरथरतो,
वर जातो, खाली येतो, मग बसतो.
ठेवल्या ठेवल्या जो बसतो
त्याला शिक्का असला तरी मी उघडून बघतो.

हे त्रिशलाला एवढं सगळं सांगता आलं नाही.
म्हटलं, त्याला थांबायला शिकव.
नावाआधी.
ती म्हणाली, होतंय की, सेटिंग आहे,
अर्धा सेकंद, एक सेकंद. किती ठेवू, अप्पा?

मला 'बरंच' म्हणायचं होतं.

बाहेर हमाल हातगाड्या लावून ठेवत होते.
एक गेली, दुसरी गेली.
ती कीबोर्डवर हात ठेवून तशीच बसली होती.