डावा हात

उपाशीपोटी या, असं चिठ्ठीवर छापलेलंच असतं.
तरी कुणीतरी कोकाचं पान गालात दाबून येतो.
थुंका, म्हणते मी. तोही निमूट थुंकतो,
शाळेत पकडल्यासारखा.

आजचा सातवा, एवारिस्तो कोल्के. वय एक्केचाळीस.
अर्ज : डंपरचालक, वरची खाण,
चार हजार चारशे मीटर.
शर्टाची घडी खुर्चीवर, घडीवर टोपी,
टोपीत वरचे चार दात.
ते काढायचे नसतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जेल गार असते, सगळेच दचकतात.
हा नाही दचकला.
छताकडे बघत म्हणाला,
"आमच्याकडे जूनमध्ये बादलीतलं पाणी
काठी टेकली तरी हलत नाही."

सहा कप छातीवर, चार चिमटे हातापायांना.
कागद सरकू लागला.
पलीकडच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवतंय
असा तो आवाज. मला आवडतो, उगाच.
रेघ त्याची छान आली.

मग दाब. एकशे बावन्न.
"जरा बसा."
एकशे अठ्ठेचाळीस.
"डावा घ्या ना, बाई. डावा गरीब आहे."
डावा एकशे पन्नास.

भिंतीवरचा तक्ता एकशे चाळीसला थांबतो.
तो मी केलेला नाही.
पण गेल्या ऑगस्टात चढावर एक जण
स्टिअरिंगवर डुलकी लागल्यासारखा वाकला,
मागे तीनशे टन दगड.
त्याचा कागद मीच काढला होता. चांगला होता.
तेव्हापासून तक्त्याशी मी भांडत नाही.

आतून सही होऊन आली.
मी वाचून दाखवलं :
उंचीवरील कामास तूर्त अपात्र. तीन महिन्यांनी पुन्हा.

त्याने आधी दात बसवले.
"किती उंचीवर?"
तीन हजारांच्या वर.
"घर माझं तीन हजार सातशेवर आहे."
म्हातारी तिथेच, लामा तिथेच,
चारच्या बसने हाही तिथेच.
"मग घरी जाऊ ना?"

थट्टा असावी. नसावीही.
छातीवरचे सहा लाल गोल
एकेक करत बटणांआड गेले.

दारापर्यंत गेल्यावर मला आठवलं, सांगायचं असतं,
मीठ कमी खा.
तो वळला. "आमचा आजा मिठागरात गेला," म्हणाला,
"बाप मिठागरात,
मीही तिथूनच आलोय."
आणि टोपी घातली.

आठवा केव्हाचा उभा होता. गालात काहीतरी होतं त्याच्या.