काटा

एकतीस वर्षं करॅच्या मैदानावर
तोलाघरात माझी खुर्ची काट्याला लागून.
शर्यतीआधी जॉकी खोगीर छातीशी धरून यायचे,
पोरं पहिल्या दिवशी दप्तर धरतात तसं.
मी आकडा वाचायचो.
शर्यत संपली की पुन्हा वाचायचो.
बाहेर सगळं किल्डेअर बेंबीच्या देठापासून ओरडत असायचं,
आत एक सुई थरथरायची
आणि आम्ही दोघं श्वास धरून उभे.

परवा दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तुम्ही जन्मभर वजनंच पाहिलीत,
मग तुम्हीच सांगा, दारूनं वाढतं की घटतं?
दंडाला पट्टा गुंडाळताना
सहज काढलेला विषय.
मी म्हटलं, कुणाचं?

क्विर्कांचे दोन भाऊ होते.
फिन्टन घोड्यावर बसायचा,
मॅलाची घोड्यांना नाल ठोकायचा.
दोघं एकाच पबात, एकाच बाकावर,
डॉलनबाई दोघांना एकाच बाटलीतून ओतायची.
मॅलाची आधी मटण-बटाटे हाणायचा, मग प्यायचा,
मग घरी जाताना पुन्हा बटाटे.
त्याचा पट्टा दरसाल एक भोक पुढे सरकायचा,
शेवटी त्यानं खिळा तापवून स्वतःच भोकं पाडली.

फिन्टन जेवायचाच नाही.
पोटात कावळे ओरडायला लागले
की त्यांच्यावर जिन ओतायचा.
गप्प बसतात, म्हणायचा.
सकाळी कढत पाण्याच्या टबात तासभर,
दुपारी माझ्यापुढे:
आठ स्टोन चार.
बरगड्या मोजून घ्याव्यात असा,
तोंडाला पेपरमिंटचा वास.
त्या वासाखालचा वास मला येत होता.
पण माझं काम आकड्यापुरतं.
वही उघडी होती, मी लिहिलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबरच आहे,
ग्रॅममागे सात उष्मांक, जवळजवळ लोण्याइतके,
जेवणावर घेतली तर चढते अंगावर,
जेवणाऐवजी घेतली तर अंगच खाते.
शिकलेलं माणूस किती लवकर सांगतं.
मला एकतीस वर्षं लागली.

पुढे मॅलाचीचं पोट आलं ते वेगळं.
ताणलेलं, ढोलासारखं, आत पाणी.
हातांच्या मात्र काड्या झालेल्या,
हातोडा उचलेना.
एका सोमवारी मैदान रिकामं असताना
हट्टानं माझ्या काट्यावर चढला.
सोळा स्टोन दोन.
बघ, म्हणाला, एक पौंडसुद्धा उतरलेला नाही.
मी आकडा वाचला होता, खरा वाचला होता.
त्यातला मॅलाची किती आणि पाणी किती
हे सांगणारा काटा आमच्याकडे नव्हता.
नोव्हेंबरात त्याला सहा जणांनी उचललं.
डाव्या बाजूला मधला मी.

फिन्टननं त्याच रात्री सोडली.
शपथ नाही, पाद्री नाही,
डॉलनबाईच्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला, एवढंच.
आणि त्याला भूक लागली.
चाळीस वर्षांची साठलेली भूक.
आल्याची बिस्किटं दोन्ही खिशांत,
पावावर जॅम, जॅमवर साय,
रात्री दोनला उठून थंड खिमट.
लोक म्हणायचे, दारू सोडून माणूस सुटला.
अंगानं सुटला असं म्हणायचं होतं त्यांना.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी काटा पुसत होतो,
तेव्हा फिन्टन आला, नातीचं बोट धरून.
वाच, म्हणाला.
सुई गेली, गेली, थांबली.
बारा स्टोन एक.
नव्या कवळीतून इतका मोठ्यानं हसला
की सुई पुन्हा हलली
आणि पोर म्हणाली, आजोबा, नीट उभे राहा.
वहीत मी ते लिहिलं नाही.
रकाना नव्हता.

दवाखान्यातल्या काट्याला सुई नाही,
काचेत लाल आकडे उजळतात.
डॉक्टरीणबाईंनी माझे टिपून घेतले, भुवया जरा वर.
मग मान खाली घालूनच विचारलं,
आणि तुम्ही? आठवड्याला किती ग्लास?

दोन, मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, दोन.
घशात पेपरमिंट विरघळत होतं.